सणाचा केक : उगम आणि परंपरा
(नवी दिल्ली येथे कोपर्निकस मार्गावरील एका सभेत दिलेले व्याख्यान)



हा कोपर्निकस मार्ग दिल्लीतील मराठी माणसाला चांगला परिचित आहे. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे, कमानी रंगमंदिर आणि दूरदर्शनची इमारतही येथेच आहे. तथापि ज्या ज्योतिर्विदाचे नाव या मार्गाला दिले आहे, त्याचा आजच्या विषयाशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येणार नाही. माझा विषय आहे सणाचा केक. आकाशस्थ गोलांचा विचार करणारा निकोलाउस कोपर्निकस आणि भट्टीतून निघणारा केक यांची गाठ कोठे पडते, हा प्रश्न आपण विचाराल. ती गाठ पंचांगापाशी पडते.

सणाचे पक्वान्न ही मूलतः दिनमानाशी बांधलेली वस्तू असते. संक्रांतीचा तीळगूळ वैशाखात कोणी करीत नाही आणि होळीची पुरणपोळी होळीच्या दिवशी जशी लागते तशी एरव्ही लागत नाही. युरोपातील केकही असाच दिवस पाहून भाजला जात असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथील जुने पंचांग सूर्याच्या गतीपासून बरेच ढळले होते आणि ते सुधारावे कसे याविषयी ज्या विद्वानांचे मत मागविण्यात आले त्यांत कोपर्निकस होता. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने या प्रश्नाचा उल्लेख केला आहे. पुढे १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने नवे पंचांग लागू केले, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. पोर्तुगालने हा बदल त्याच वर्षी स्वीकारला. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत वाट पाहिली. म्हणजे मधल्या पावणेदोनशे वर्षांत लिस्बनचा नाताळ आणि लंडनचा नाताळ एका दिवशी येत नव्हता. सण कोणत्या दिवशी यावा आणि त्या दिवशी काय खावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न येथे उभा राहतो. आजच्या व्याख्यानात आपण या प्रश्नाकडे पुनःपुन्हा येणार आहोत.

सणाच्या केकचा जन्म उपवासाच्या पोटी झाला आहे. नाताळपूर्वीचे चार आठवडे हा ख्रिस्ती परंपरेत संयमाचा काळ होता आणि मध्ययुगात या काळात लोणी वर्ज्य असे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात ऑलिव्हचे तेल पिकत नसे. त्यामुळे तेथील लोकांना नाताळची पोळी निकृष्ट तेलात मळावी लागे. अखेर १४९१ मध्ये पोप आठव्या इनोसंटने एक पत्र पाठवून, धर्मकार्यासाठी रक्कम भरण्याच्या अटीवर, तेथे लोणी वापरण्यास परवानगी दिली. ड्रेस्डेनची प्रसिद्ध ‘स्टोलेन’ ही नाताळची पोळी आज लोण्याने जड झालेली दिसते, तिच्यामागे ही परवानगी आहे. उपवास सुटला की जे इतके दिवस दूर ठेवले ते सर्व एकाच पदार्थात एकवटावे, ही वृत्ती आपल्यालाही अपरिचित नाही. चातुर्मासापूर्वीची कांदानवमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा धागा आहे तो बाराव्या रात्रीचा. नाताळपासून बारा दिवस मोजले की ६ जानेवारीचा ‘तीन राजांचा सण’ येतो. बेथलेहेममध्ये जन्मलेल्या बालकाच्या दर्शनास पूर्वेकडून तीन राजे आले, अशी ही कथा आहे. फ्रान्समध्ये या दिवसाच्या केकमध्ये पावट्यासारखा एक दाणा लपवून ठेवीत आणि ज्याच्या वाट्याला तो येई त्यास त्या दिवसापुरते राजा मानीत. या प्रथेचा संबंध प्राचीन रोममधील डिसेंबरातल्या शनिदेवाच्या उत्सवाशी जोडला जातो. त्या उत्सवातही चिठ्ठ्या टाकून एकाला राजा करीत. इंग्लंडातही बाराव्या रात्रीचा केक होता. एकोणिसाव्या शतकात तो मागे पडला आणि त्याचा थाट नाताळच्या केककडे आला. सुक्या फळांनी भरलेला जो काळसर केक आज आपण ‘प्लम केक’ म्हणून ओळखतो, त्यात प्लम हे फळ बहुधा नसतेच. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही तेच नाव होते आणि पदार्थाने ते जपले. या केकचे टिकाऊपणही सहेतुक आहे. साखर, मद्य आणि सुकी फळे या तिन्ही गोष्टी अन्नाला नासू देत नाहीत. ताजे फळ मिळत नसलेल्या हिवाळ्यात कित्येक आठवडे पुरणारा हा साठा होता. केक हलका व्हावा म्हणून पूर्वी किण्व घालीत किंवा अंडी तासन्‌तास फेटीत. १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञाने बेकिंग पावडर तयार केली आणि घरच्या केकचे श्रम बरेच कमी झाले.

सत्ताधाऱ्यांची दृष्टी या केकवरून कधी हटली नाही. इंग्लंडात प्यूरिटन पंथीयांच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ साजरा करण्यासच मनाई केली; ती बंदी १६६० मध्ये राजसत्ता परत आल्यावर उठली. पोर्तुगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सहून ‘बोलू रेइ’ म्हणजे ‘राजकेक’ आला. १९१० मध्ये तेथे राजेशाही जाऊन प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा मिठाईवाल्यांसमोर पेच पडला. राजा गेल्यावर राजकेक विकावा कसा? काहींनी त्याचे नाव ‘अध्यक्षांचा केक’ केले, काहींनी ‘राष्ट्रीय केक’. लोक मात्र जुन्याच नावाने तो मागत राहिले आणि आजही तेच नाव चालते.

हा झाला युरोपातील वृत्तांत. आता या केकच्या सामग्रीकडे पाहू. साखरेवाचून केक नाही, आणि उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात सिद्ध झाली. ऊस मूळचा न्यू गिनी बेटाच्या परिसरातील. पण ‘शर्करा’ हा शब्द अरबीत जाऊन ‘सुक्कर’ झाला आणि तेथून पोर्तुगीज ‘असूकार’ व इंग्रजी ‘शुगर’ हे शब्द निघाले. आपल्या ‘खंड’ या शब्दापासून इंग्रजीतील ‘कँडी’ आली. जायफळ बांदा बेटांतून, लवंग मोलुक्का बेटांतून, दालचिनी श्रीलंकेतून युरोपला जाई. या पदार्थांसाठीच वास्को-द-गामाची गलबते १४९८ मध्ये कालिकतला लागली. अर्थात येथे एक दुःखद बाबही नमूद केली पाहिजे. साखर युरोपात स्वस्त झाली ती प्रथम मदैरा बेटावरील आणि नंतर ब्राझीलमधील मळ्यांमुळे, आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबत होती. केकचा इतिहास सांगताना हा अध्याय गाळणे योग्य होणार नाही.

त्याच ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी काजू गोव्यात आणला. आपल्या भाषेतील काजू, अननस, बटाटा, पाव हे शब्द त्या काळाची साक्ष देतात. त्यांपैकी ‘पाव’ या शब्दापाशी आपल्याला थोडे थांबावयाचे आहे.

१५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. ख्रिस्ती उपासनेत गव्हाच्या भाकरीला विधीचे स्थान आहे आणि कोकणपट्टी तर भात पिकविणारी. भट्टीची विद्या येथे नव्हती, ती शिकवावी लागली. सासष्टीतील माजोर्डे हे गाव गोव्यातील पावाच्या भट्ट्यांचे आद्यस्थान मानले जाते. जेजुइट पाद्र्यांनी तेथील नवख्रिस्ती लोकांना हे काम शिकविले, असे परंपरा सांगते. पीठ फुगविण्यासाठी युरोपातील किण्व येथे मिळत नव्हते. त्यावर गोवेकरांनी शोधलेला उपाय मोठा चतुर होता. माडाची सूर त्यांनी पिठात घातली. सूर स्वभावतःच आंबते आणि पीठ फुगविते. पहाटे वेताची काठी आपटीत पाव वाटणारा ‘पोदेर’ हा पुढे गोव्याच्या लोकजीवनाचा भाग झाला. याच सासष्टी महालात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट अनेक वर्षे राहिला. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मुद्रित झाले. परदेशी कथा आणि देशी ओवी यांचा जो मिलाफ त्याने साधला, तसाच मिलाफ त्याच परिसरातील भट्ट्यांमध्ये पीठ आणि सूर यांचा होत होता.

परंतु पाव ही वस्तू त्या काळी निरुपद्रवी नव्हती. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकले, नकळत ते पाणी प्यालेले लोक बाटले आणि मग त्यांना स्वधर्मात परत घेण्यास कोणी तयार होईना, ही कथा गोव्यात आणि वसईत आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचा ऐतिहासिक आधार किती, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. ती शतकानुशतके सांगितली गेली, एवढीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. माणसाचा धर्म त्याच्या श्रद्धेत नसून त्याच्या पोटात गेलेल्या घासात आहे, असे या कथेतील दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे. विहिरीत पाव टाकणाऱ्याने ते गृहीत धरले आणि ज्यांनी आपल्याच भाऊबंदांना दाराबाहेर ठेवले त्यांनीही.

सत्तेचेही मत काही वेगळे नव्हते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. मधला अल्पकाळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चालू होते. १७३६ मध्ये त्याने काढलेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती कुटुंबांना अनेक जुन्या चालीरीतींची मनाई करण्यात आली. अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी वापरू नये, अशा कलमांबरोबर त्यात आणखी एक कलम आहे: हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये. प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या १९६१ मधील ग्रंथामुळे हा इतिहास आधुनिक वाचकांपर्यंत पोहोचला. चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही, याची चौकशी जेथे होऊ शकते, तेथे घरातील बाई कोणत्या सणाला काय शिजवते ही बाब तिची खासगी राहत नाही.

या पार्श्वभूमीवर गोव्याच्या नाताळातील पक्वान्न, म्हणजे बेबिंका, आपण पाहिली पाहिजे. कोकणीत तिला ‘बिबिंक’ म्हणतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका या जोगिणींच्या मठाशी तिची कथा निगडित आहे. या मठाची स्थापना १६०६ मध्ये झाली. जोगिणींच्या वस्त्रांना खळ देण्यासाठी अंड्यातील पांढरे वापरीत आणि पिवळे बलक उरत. बेबियाना नावाच्या एका जोगिणीने त्या बलकांपासून सात थरांचे पक्वान्न केले. लिस्बनच्या सात टेकड्यांची ती खूण होती. पाद्र्यांना ते लहान वाटले म्हणून थर वाढवून सोळा केले, अशी ती आख्यायिका. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. तथापि बलकांविषयी तिने सांगितलेला भाग पोर्तुगालमधील मठांच्या मिठायांशी जुळतो. तेथेही बलक आणि साखर यांचे असंख्य प्रकार मठांतून निघाले आहेत.

आता ती करण्याची रीत पाहा. मैदा, साखर, अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचा दाट रस आणि जायफळ यांचे सरसरीत मिश्रण करावयाचे. मातीच्या भांड्यात तूप तापवून त्यात पळीभर मिश्रण घालावयाचे आणि वर झाकण ठेवून त्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे पसरावयाचे. आच वरून लागते. थराचा पृष्ठभाग तांबूस होतो. मग झाकण काढून त्यावर चमचाभर तूप आणि पुन्हा पळीभर मिश्रण. असे थरावर थर चढत जातात. एक थर भाजल्यावाचून दुसरा घालता येत नाही. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि आच अधिक झाली तर वरचा थर करपतो. सात थरांना अर्धा दिवस सहज जातो. सर्व थर झाले म्हणजे बेबिंका निववून उलटी करतात आणि कापतात; तेव्हा पिवळ्या व तांबूस रेघा एकाआड एक दिसतात.

यात परके काय आणि देशी काय, याचा हिशोब करू गेलो तर तो मोठा मनोरंजक होतो. बलक-साखरेची आवड पोर्तुगीज, नारळाचा रस आणि तूप आपले, जायफळ बांदा बेटांचे. भाजण्याची युक्ती कोणाची? कोकणातील जुन्या बायका तवशाचे धोंडस करीत, तेव्हा पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवीत. मालवणकडे सात कापांचे घावन आहे. त्यात नारळ-गुळाचे सारण घालीत घावनाचे थर रचतात, आणि सात ही संख्या तेथेही आहे, लिस्बनच्या टेकड्यांशिवाय. अशी साम्ये दूरवर पसरली आहेत. फिलिपीन्समध्ये ‘बिबिंग्का’ नावाचा तांदळाचा केक वर-खाली निखारे ठेवून भाजतात आणि तोही नाताळच्या दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेनंतर खातात. इंडोनेशियात डच राजवटीच्या काळात मसाल्यांचा थरांचा केक रूढ झाला. त्याचाही प्रत्येक थर वेगळा भाजतात. गोव्याचे दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ यांचे असते. त्याच नावाचा तसाच पदार्थ मलेशियात, इंडोनेशियात आणि श्रीलंकेत आहे. तेव्हा बेबिंकेचे गोत्र केवळ लिस्बनमध्ये शोधणे अपुरे ठरेल. नारळाची झाडे जेथे जेथे आहेत आणि गलबते जेथे जेथे गेली, तेथे तेथे तिचे सोयरे आहेत.

गोव्याच्या नाताळात बेबिंका एकटी नसते. रवा आणि नारळ यांची ‘बातिका’, लहान शंखांसारखी वळलेली कुलकुले, बदामाऐवजी काजूचा केलेला मार्झिपॅन, हरभऱ्याची डाळ आणि नारळ यांचे ‘दोस’, आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजी. दिवाळीला किंवा गणपतीला ती ज्या हातांनी होत होती त्याच हातांनी ती नाताळात होऊ लागली. पातोळ्यांचेही तसेच. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदात होतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला होतात. इन्क्विझिशनने भातातील मीठ मोजले; हळदीचे पान मात्र दोन्ही धर्मांच्या परसात वाढत राहिले.

महाराष्ट्रातील चित्र याहून थोडे निराळे आहे. वसईचा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. राज्य गेले तरी तेथील ख्रिस्ती समाज आपल्या बोलींसह तेथेच राहिला. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात नाताळला रवा, नारळ आणि बदाम यांचा केक थाळीत भाजतात. त्याचे नावच ‘थाळी स्वीट’. थाळीत थापलेली वडी आणि भट्टीतला केक यांच्या मधोमध त्याचे स्थान आहे. देशावर अहमदनगरकडे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनमुळे जे ख्रिस्ती झाले त्यांच्या घरी भट्टी नव्हती आणि केकही नव्हता. त्यांच्या नाताळात करंज्या, लाडू, शंकरपाळे आणि चकल्या आल्या; दिवाळीचा फराळ त्यांनी दोन महिने पुढे नेला, असे म्हटले तरी चालेल. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि भजन स्वीकारले. जे त्यांनी प्रार्थनामंदिरात केले, तेच असंख्य अज्ञात स्त्रियांनी कढईपाशी केले होते.

इंग्रजी पद्धतीचा केक भारतीय हातांनी केव्हा केला गेला, याविषयी केरळातील तलश्शेरी येथे एक प्रसिद्ध वृत्तांत आहे. मांबळ्ळी बापू हे तेथे बिस्किटांचा कारखाना चालवीत. १८८३ मध्ये अंजरकंडीचे मळेवाले मर्डॉक ब्राऊन यांनी इंग्लंडहून आणलेला केक त्यांना चाखावयास दिला आणि तसाच करण्यास सांगितले. बापूंनी विदेशी मद्याऐवजी तेथील काजूबोंडे व केळी यांपासून काढलेले पेय वापरले, असे त्यांच्या घराण्यात सांगतात. सासष्टीतील सुरेचीच ही दुसरी आवृत्ती नव्हे काय? अलाहाबादच्या केकमध्ये लोण्याऐवजी तूप आणि परदेशी फळांच्या पाकाऐवजी पेठा व मुरंबा असतो. मुंबई-पुण्याच्या इराणी आणि पारशी मंडळींनी केकमध्ये खवा घातला आणि मावा केक चहाबरोबर रोजचा करून टाकला. येथून जवळच, कॅनॉट प्लेसमध्ये, एका स्विस दांपत्याने १९२६ मध्ये काढलेले वेंगर्स हे दुकान आहे. दिल्लीच्या कित्येक पिढ्यांनी पहिला केक तेथे पाहिला. उत्तरेतील अनेक शहरांत अजूनही नाताळपूर्वी कुटुंबे आपले तूप, अंडी, मैदा आणि भिजविलेला सुका मेवा डब्यांत घेऊन बेकरीवर जातात, समोर उभे राहून मिश्रण करवून घेतात आणि घरचा केक बाहेरच्या भट्टीत भाजून आणतात.

आता एक व्यक्तिगत आठवण सांगण्याची अनुज्ञा असावी. माझे बालपण मुंबईच्या एका चाळीत गेले. आमच्या शेजारी एक गोवेकर ख्रिस्ती कुटुंब राहत असे. नाताळच्या सकाळी त्या घरून विणलेल्या रुमालाने झाकलेले एक तबक आमच्याकडे येई. गोव्यात या प्रथेला ‘कोंसवाद’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तो शब्द नाताळच्या पूर्वरात्रीच्या भोजनासाठी आहे, गोव्यात मात्र त्याचा अर्थ शेजाऱ्यांकडे पाठवावयाचा गोड वाटा असा झाला. माझी आजी सोवळ्यातली. ती तबक आदराने घेई, नेवऱ्या आणि केळी आम्हां मुलांत वाटी आणि अंड्याच्या केकला हात न लावता तो तसाच कोनाड्यात ठेवी. तो केक मी जिन्याखाली बसून खात असे, हे आज इतक्या वर्षांनी कबूल करण्यास हरकत नाही. तबक रिकामे परत पाठवू नये, हा आजीचा नियम. ती त्यात तिळाचे लाडू घालून पाठवी. या विषयावर दोन्ही घरांत कधी एक शब्दही उच्चारला गेला नाही. परंतु एका वर्षी तबकाबरोबर एक लहान निराळी बशी आली. तिच्यात डाळ-नारळाचे दोस होते आणि शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “आजी, यात अंडे नाही. नवे भांडे वापरले आहे.” आजी काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने एक तुकडा उचलून त्यांच्यासमोर तोंडात टाकला. पुढे आजी असेपर्यंत ती बशी दरवर्षी येत राहिली.

मी त्या प्रसंगाचे फार मोठे भांडवल करू इच्छीत नाही. आजीने केक कधीच खाल्ला नाही आणि काकूंनीही तो खाण्याचा आग्रह धरला नाही. परंतु मघाशी सांगितलेल्या विहिरीच्या कथेत अन्न फसवून दिले जाते; येथे ते सांगून दिले गेले. त्या कथेत घेणारा नाइलाजाने बाटतो. येथे घेणाऱ्या बाईने विचार केला आणि मग घेतले. एकच समुद्रकिनारा, तीच दोन माणसांची कुळे. पण परिणाम अगदी वेगळा.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी नाताळ आला. साडेचारशे वर्षांची राजवट गेली, परंतु बेबिंका तिच्याबरोबर गेली नाही, कारण फार पूर्वीच ती पोर्तुगिजांची राहिली नव्हती. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. आता त्या नावाचा गैरवापर रोखता येईल आणि करणाऱ्यांना बाजारात आधार मिळेल. तथापि मानांकनाने नावाचे रक्षण होते, हाताचे होत नाही. आज बेबिंका बहुतांशी विजेच्या भट्टीत भाजली जाते, वेष्टनात बांधून विमानतळावर विकली जाते आणि बाराही महिने मिळते. निखाऱ्यांसमोर अर्धा दिवस बसणे कोणा गृहिणीवर सक्तीचे असावे, असे मी म्हणणार नाही. ते श्रम फार होते आणि त्यांची मोजदाद कोणी केली नाही. पण ते श्रम नाहीसे होताना त्यांच्यातील ज्ञानही नाहीसे होऊ नये. आच किती असावी हे ओळखण्याची त्या बायकांची रीत, जुने नारळ निवडण्याची रीत, कोणाच्या घरी काय पाठवावे आणि काय पाठवू नये याचे भान, या गोष्टी कोणत्याही मानांकनाच्या कागदात मावत नाहीत.

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. येथे ग्रंथालयांत काम करणारी मंडळी बसली आहेत, विद्यार्थी आहेत, गृहिणी आहेत. आपल्या घरातील किंवा शेजारातील वृद्ध स्त्रियांकडून सणाच्या पदार्थांची कृती मापासह लिहून घ्या. कृतीबरोबर आणखी दोन गोष्टी अवश्य विचारा: हा पदार्थ तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि तो कोणाकोणाच्या घरी पाठवीत होता. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात इतिहास सापडेल. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गावाचा आणि चाळीचा असा नकाशा सापडेल, जो कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. कोणी पाठविणे थांबविले असेल, तर केव्हा आणि का, हेही विचारा. ते उत्तर कदाचित अवघड असेल. तरीही लिहून ठेवा.

नाताळ जवळ आला आहे. येत्या सप्ताहात या शहरातील भट्ट्यांसमोर डबे घेऊन रांगा लागतील. आपणही एखादे तबक शेजारी पाठवावे, आणि ते स्वीकारणाऱ्याला संकोच वाटणार नाही अशी एक लहान बशी त्याबरोबर ठेवावी, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.